छोटा ट्रॅक्टर, गवताचे यंत्र आणि मधली जोडणी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर पाच-दहा एकर जमीन घेऊन राहायला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढू लागली. ही माणसे शेतकरी नव्हेत. नोकरी शहरात आणि घर मोकळ्या माळावर, अशी त्यांची राहणी. पहिल्याच उन्हाळ्यात गवत कमरेपर्यंत येते आणि मग प्रश्न पडतो : एक लहानसा ट्रॅक्टर घ्यावा आणि त्याच्या मागे गवत कापायचे यंत्र जोडावे, हे खरे, पण कोणता ट्रॅक्टर आणि कोणते यंत्र? स्वस्तात मिळतो तो १९४७ ते १९५२ या काळात तयार झालेला फोर्ड ८-एन. तो पाच लाखांहून अधिक संख्येने बनला आणि त्यांतले कितीतरी आजही चालू आहेत. त्याच्या कितीतरी पट किमतीला मिळतो तो नव्या घडणीचा, बहुधा जपानी वळणाचा छोटा ट्रॅक्टर. दोघांची अश्वशक्ती जवळपास सारखीच, वीस-पंचवीस. मग जास्तीचे पैसे कशाचे?

याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा इतिहासात चांगले सापडते. त्यासाठी इंजिनाकडे फारसे पाहावे लागत नाही. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामधल्या जोडणीकडे पाहावे लागते.

आधी गवताकडे पाहू. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटण्यासाठी तिथे एक यंत्र वापरत. आडव्या दंडगोलावर पिळदार पाती बसवलेली, आणि ती खालच्या स्थिर पात्यावरून फिरणारी. एडविन बडिंग या कारागिराने हीच युक्ती हिरवळीला लावली आणि १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच सुमारास अमेरिकेत घोड्याने ओढायची कापणी यंत्रे तयार होऊ लागली होती. त्यांत दातेरी पात्यांची पट्टी जमिनीलगत डावी-उजवीकडे सरकते आणि गवताची ताटे दोन धारांमध्ये पकडून कापते. दोन्ही यंत्रांचे तत्त्व कात्रीचे. कात्रीला फार वेग लागत नाही. दोन धारा एकमेकींना घासून जाव्या लागतात, एवढेच. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवू. घोड्याच्या यंत्रात पाती फिरवणारी शक्ती यंत्राच्या स्वतःच्या चाकातून येई. घोडा थांबला की चाक थांबे, चाक थांबले की पाते थांबे.

आता ट्रॅक्टरकडे येऊ. हेन्री फोर्डचा फोर्डसन १९१७ साली बाजारात आला. वजन १,२०० किलोच्या आसपास, किंमत त्या काळच्या इतर ट्रॅक्टरांपेक्षा पुष्कळच कमी. त्याला नांगर जोडायचा तो बैलांमागे जोडावा तसाच, म्हणजे मागे साखळीने किंवा दांड्याने ओढत न्यायचा. फरक एवढाच की नांगराचा फाळ झाडाच्या मुळीत अडकला तर बैल थांबतात. ताण मानेवर आला की जनावराला काय झाले ते कळते. इंजिनाला मान नाही. मागची चाके जागच्या जागी रुतून अडली आणि इंजिन जोर लावतच राहिले, तर तो आघूर्ण चाकांना फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढची चाके वर उठतात आणि एक-दोन सेकंदांत सगळे धूड चालकाच्या अंगावर उताणे पडते. फोर्डसनखाली अशी बरीच माणसे मेली.

उत्तर आयर्लंडमधल्या डाउन परगण्यातला हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा शेतकऱ्याचा मुलगा, पण शेतीत न रमणारा. भावाच्या बेलफास्टमधल्या गॅरेजात तो मोटारी दुरुस्त करी. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने स्वतः बांधलेले विमान उडवले. आयर्लंडमधले ते पहिले उड्डाण. पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली तेव्हा, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरांचा वापर सुधारण्याच्या कामी त्याला पाठवले. गावोगाव हिंडून त्याने आणि त्याचा सहकारी विली सँड्स याने जे पाहिले त्यावरून त्यांचे मत झाले की ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रे मानणे हीच मूळची अडचण आहे. दोन्ही मिळून एकच यंत्र झाले पाहिजे.

त्यातून पंधरा-वीस वर्षांच्या खटपटीनंतर जी जोडणी निघाली ती आज आपल्या गावातल्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या पाठीमागे दिसते. खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक, ज्याला सगळेजण टॉप लिंक म्हणतात. तीन बिंदू मिळून त्रिकोण होतो. खालचे दांडे अवजाराला ओढतात. जमीन फाळाला मागे खेचते तेव्हा अवजार पुढे कलंडू पाहते आणि त्याचे वरचे टोक टॉप लिंकला पुढे ढकलते. हा धक्का ट्रॅक्टरच्या पाठीवर उंचावर बसतो आणि पुढची चाके जमिनीकडे दाबतो. म्हणजे नांगर जितका अडेल तितका ट्रॅक्टरचा उठाव रोखला जातो. जे बल आधी चालकाला मारत होते तेच आता त्याला सांभाळू लागले. शिवाय टॉप लिंकवरचा हा दाब एका स्प्रिंगेकडून मोजून हायड्रॉलिक पंपाला कळवण्याची सोय फर्ग्युसनने केली. दाब वाढला की नांगर आपोआप थोडा उचलला जातो, आणि उचलताना त्याचे वजन मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते. त्यामुळे जड ट्रॅक्टरची गरजच संपली. शाळेत तरफ आणि आघूर्ण शिकवताना आपण सी-सॉ आणि अडकित्त्यापाशी थांबतो. खेड्यातल्या शाळेत याहून चांगले उदाहरण दाराशीच उभे असते.

पुढची हकिकत व्यापाराची आहे, ती थोडक्यात सांगतो. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउनच्या कारखान्यात फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनू लागले, पण महाग पडले. १९३८ च्या शरद ऋतूत तो अमेरिकेत डिअरबॉर्नला गेला आणि फोर्डला ट्रॅक्टर दाखवला. दोघांत करार झाला तो लेखी नव्हे, हस्तांदोलन करून. १९३९ मध्ये फोर्ड ९-एन आला. महायुद्धानंतर फोर्डच्या नातवाने करार संपवला, जोडणी मात्र तशीच ठेवून ८-एन काढला. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरांचा दावा लावला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर घेऊन तो मिटवला. कोव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात त्याचे स्वतःचे करड्या रंगाचे ट्रॅक्टर पाच लाखांवर निघाले. पुढे त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव रूढ झाले. त्या नावाचे ट्रॅक्टर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मद्रासजवळ ‘टाफे’च्या कारखान्यात बनत आले.

तोवर जोडणीचा दुसरा भागही जमला होता. १९१८ च्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा बाहेर काढला. त्यालाच आपण पीटीओ म्हणतो. त्यामुळे मागच्या यंत्राला स्वतःच्या चाकातून शक्ती घेण्याची गरज उरली नाही. ओल्या रानात चाक घसरले तरी पाते फिरत राही. या दांड्याचा वेग मिनिटाला सुमारे ५४० फेरे असावा असे ठरले आणि तो आकडा आजतागायत टिकून आहे.

नांगरासाठी तीन दांडे, आणि फिरवण्यासाठी पीटीओ. गवताचे नवे यंत्र या दोहोंवर येऊन बसले. १९५१ साली अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी ‘बुश हॉग’ नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ झुडपांचे डुक्कर. जाड पत्र्याच्या पालथ्या परातीखाली दोन जड पाती आडवी गरगरतात आणि गवत, काटेरी झुडपे, मनगटाएवढी रोपटी, जे समोर येईल ते तोडतात. अमेरिकेत पुढे अशा कोणत्याही यंत्राला लोक हेच नाव देऊ लागले. आपल्याकडे त्याला स्लॅशर म्हणतात.

इथे कात्रीचे तत्त्व सुटले. खाली स्थिर धार नाही. गवताचे जडत्व हीच दुसरी धार. पाते इतक्या वेगाने यावे लागते की ताट वाकायला वेळच मिळू नये. पात्याच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर दीड मीटर आणि गिअरपेटीतून मिनिटाला १,००० फेरे धरले, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटर येतो. त्या वेगाने उडालेला खडा किती लांब जाईल आणि कोणाला लागेल, हे वेगळे सांगायला नको. पत्र्याची परात आणि मागच्या साखळ्या त्यासाठीच असतात. जुन्या यंत्रांच्या साखळ्या बहुधा तुटलेल्या आढळतात.

पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे पाते म्हणजे एक जड गतिचक्र आहे. ते २० किलो वजनाची एकसारखी कांब आहे असे धरू. मिनिटाला १,००० फेऱ्यांना त्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे २०,००० ज्यूल येते. आता ट्रॅक्टर, यंत्र आणि चालक मिळून १,५०० किलो वजन ताशी ५ किलोमीटर वेगाने चालले असेल तर त्याची गतिज ऊर्जा निघते अवघी १,४०० ज्यूलच्या आसपास. पात्यात चौदा पट ऊर्जा! विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. फोर्डच्या ९-एन आणि ८-एन या दोन्ही ट्रॅक्टरांत पीटीओ क्लचच्या मागून, गिअरपेटीतल्या दांड्यावरून काढलेला होता. कुंपण जवळ आले म्हणून चालकाने क्लच दाबला की इंजिन सुटे होई. पण पाते आणि मागची चाके गिअरांतून एकमेकांना जोडलेलीच राहत. मग पात्यातली ऊर्जा उलटी वाहू लागे आणि पातेच ट्रॅक्टरला पुढे ढकले. क्लच दाबलेला, इंजिन सुटलेले, तरी ट्रॅक्टर चालतोच! समोर ओढा असेल तर पुढचे वर्णन करायला नको.

नांगर लावून हा ट्रॅक्टर कधीच असा वागला नव्हता, कारण नांगरात ऊर्जा साठत नाही. फर्ग्युसनने सोडवलेले कोडे ओढण्याचे होते; गवताच्या यंत्राने फिरण्याचे नवे कोडे आणले. याला दोन उपाय निघाले. एक स्वस्त : पीटीओच्या टोकावर सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तुकडा बसवायचा. पॅडल थांबवले तरी चाक फिरते पण पॅडलला फिरवत नाही, तसेच पाते फिरत राहते पण ट्रॅक्टरला ढकलू शकत नाही. दुसरा उपाय मुळातला : पीटीओला स्वतंत्र क्लच द्यायचा. कॅनडातल्या कॉकशट कंपनीने १९४६ मध्ये आपल्या ‘३०’ नावाच्या ट्रॅक्टरात असा पीटीओ दिला. आज नव्या छोट्या ट्रॅक्टरांत बहुधा तो असतोच. जास्तीच्या पैशांतला पहिला वाटा याचा. ८-एन घेणाऱ्याने निदान तो फ्रीव्हीलचा तुकडा बसवल्यावाचून पाते फिरवू नये.

दुसरा वाटा समजण्यासाठी यंत्र उचलून पाहू. छोट्या ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ३२०, पुढच्या-मागच्या आसांतले अंतर १.६ मीटर. मागे २५० किलोचे यंत्र आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.७ मीटर मागे. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण वास्तवापासून दूर नाहीत. यंत्र उचलले की मागचा आस टेकू होतो आणि पुढचा भार २५० × १.७ ÷ १.६ म्हणजे सुमारे २६५ किलोने घटतो. पुढच्या चाकांवर राहिले ५५ किलो. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच जाईल आणि चढावर पुढची चाके उचलली जातील. टॉप लिंक नांगराच्या वेळी ढकलली जात होती, ती आता ताणली जाते. म्हणजे फर्ग्युसनचे संरक्षण इथे नाही, उलट तीच जोडणी ट्रॅक्टरला मागे ओढते आहे. म्हणून पुढे लोखंडी वजने लावावी लागतात. माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता लिहिलेली असते ती दांड्यांच्या टोकांपाशी किंवा त्यांच्या थोडी मागे मोजलेली. यंत्राचा गुरुत्वमध्य त्याहून बराच मागे असतो. तेव्हा तो आकडा वाचून हुरळून जाऊ नये.

ट्रॅक्टर लहान होत गेले तसा हा हिशेब अधिक नाजूक होत गेला. लहान ट्रॅक्टरची परंपरा अमेरिकेतही होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब’ १९४७ मध्ये आला, जेमतेम दहा अश्वशक्तीचा. त्याच्या पोटाखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, गवताचे यंत्र टांगता येई. तिथे टांगलेले वजन दोन्ही आसांवर वाटले जाते, त्यामुळे वरचे संकट येतच नाही. हिरवळीसाठी आजही हीच रचना चांगली. परंतु आज ज्याला छोटा ट्रॅक्टर म्हणतात त्याचे कूळ जपानी भातखाचरांतले आहे. अरुंद बांध, चिखल, लहान तुकडे. तिथे हलका, चारही चाकांना शक्ती देणारा डिझेल ट्रॅक्टर घडला. ओसाकाच्या कुबोटा कंपनीने १९६९ च्या सुमारास २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेत विकायला आणला. १९७० च्या दशकाअखेर जॉन डियरसारखी बडी कंपनीही यान्मारकडून छोटे ट्रॅक्टर बनवून घेऊन आपल्या हिरव्या रंगात विकू लागली.

याच यशातून एक आडवाट फुटली. जपानमध्ये वापरून झालेले ट्रॅक्टर जहाजांतून अमेरिकेत येऊ लागले आणि १९९० च्या दशकात अशा मालाचा मोठा बाजार होता. इंजिने उत्तम आणि किंमत निम्मी. पण त्यांचा पीटीओ रोटाव्हेटरसाठी केलेला, तीन-चार वेगांचा. चुकून वरच्या गिअरात घातला तर ५४० फेऱ्यांसाठी बनलेले पाते दुप्पट वेगाने फिरू शके. फेरे दुप्पट झाले की ऊर्जा चौपट होते. सूचना जपानी लिपीत. आणि चालकाच्या डोक्यामागची लोखंडी कमान बहुतेकांना नव्हतीच.

त्या कमानीचाही इतिहास सांगायला हवा, कारण जास्तीच्या पैशांतला सर्वांत मोलाचा वाटा तिचा आहे. उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवताना गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर गेला की तो उलटणार, हे आपण शिकवतोच. गवत कापणाऱ्याला तर बांध, ओढ्याचा काठ, रस्त्याकडेचा उतार यांवरच जायचे असते. स्वीडनने १९५९ मध्ये प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला संरक्षक कमान किंवा केबिन सक्तीची केली. तिथे दर एक लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला सुमारे १७ माणसे उलटण्याने मरत. १९९० पर्यंत हे प्रमाण ०.३ वर आले. इतक्या साध्या लोखंडाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे यंत्रांच्या इतिहासात थोडी. अमेरिकेत १९७६ चा नियम आला तो फक्त मजूर ठेवणाऱ्यांसाठी. नव्या ट्रॅक्टरांना कमान देण्याचे कंपन्यांनी १९८५ मध्ये आपणहून मान्य केले. म्हणजे ८-एन कमानीशिवाय जन्मला आणि बहुधा तसाच विकला जातो. मात्र कमान आहे पण पट्टा बांधला नाही, तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडू शकतो.

आता निवडीकडे वळू. आमच्या मते पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नव्हेच. कापल्यावर त्या गवताचे काय करायचे आहे? जनावरांना वैरण हवी असेल तर बुश हॉग उपयोगाचे नाही. ते ताटांचा चुरा करते. तिथे जुनी कात्रीची पट्टी किंवा वैरणीसाठी बनवलेले फिरत्या तबकड्यांचे यंत्र घ्यावे. अंगणासारखी हिरवळ हवी असेल तर पोटाखालचे. वर्षातून दोनदा माळ साफ करायचा असेल तरच मागचे जड पाते. मग रुंदी : दर फुटाला सुमारे पाच अश्वशक्ती, तीही पीटीओवरची, हा तिकडचा ठोकताळा आहे. पाच फुटांच्या यंत्राला पंचवीस लागते. रुंदी निदान मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतकी हवी, नाहीतर चाकाने दाबलेले गवत तसेच राहते. एवढे ठरले की ट्रॅक्टरचे वजन, स्वतंत्र पीटीओ आणि कमान या तीन गोष्टी आपोआप पुढे येतात, आणि इंजिनाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो.

नाशिककडे द्राक्षबागांच्या ओळींत असेच अरुंद, वीस-पंचवीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर फिरताना दिसतात. मागे फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर असतो. जोडणी तीच. विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या उभ्या ट्रॅक्टरपाशी जावे. आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. खालच्या दांड्यांत बसणाऱ्या खिळीचा व्यास मोजावा : लहान ट्रॅक्टरला २२ मिलिमीटर, मोठ्याला २८. पीटीओवरच्या खाचा मोजाव्यात, बहुधा सहा भरतील. मग ५४० ला ६० ने भागायला सांगावे. सेकंदाला नऊ फेरे. दांड्याच्या सांध्याची जाडी सात सेंटीमीटर धरली तर एका सेकंदात दोन मीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाते. ओढणी, पदर, धोतराचा सोगा यांची लांबी मुलांना मोजायला सांगावी. आणि पीटीओवरचे प्लॅस्टिकचे आवरण जागेवर आहे का, ते मालकाला विचारावे.